पाच किलोमीटरच्या फेरीतून रायडर घडत नाही: सायकल शर्यती भरवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, पलूस, वाळवा भागात यात्रेला, जयंतीला, वाढदिवसाला आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्टला सायकल शर्यती भरवणारी सगळी मंडळं, संयोजक आणि बक्षिसं लावणारे दाते

सगळ्या अण्णा, दादा, काकांना नमस्कार.

कुठल्या एका मंडळाचं नाव मी घेणार नाही, कारण नाव घेतलं की विषय त्या एका मंडळाचा होतो आणि बाकीचे सुटतात, आणि गेल्या महिन्यात जे झालं तसंच मी याआधी दुसऱ्या गावांतही बघितलंय. झालं असं की एका मोठ्या शर्यतीच्या फ्लेक्सवर महिला गट होता, ३० किलोमीटर, बक्षीसही लिहिलेलं. आम्ही पोरींनी एन्ट्री भरल्या, फी भरली, महिनाभर त्या अंतराच्या हिशोबानं प्रॅक्टिस केली आणि आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला की एन्ट्री कमी आल्यामुळं महिला गट रद्द करण्यात येत आहे, त्याऐवजी गावातल्या गावात ५ किलोमीटरची प्रदर्शनीय फेरी होईल, सहभागी सर्व भगिनींना प्रमाणपत्र आणि भेटवस्तू. पुरुषांची ६० किलोमीटर ठरल्याप्रमाणे, वेळेवर, पायलट गाडी लावून झाली.

जतकडची एक पोरगी त्या ग्रुपवर नव्हतीच. ती पहाटे वडापच्या टपाला सायकल बांधून वडिलांबरोबर आली, त्यांनी त्या दिवसाचा रोजगार बुडवलेला. टेबलावर तिला नंबर मिळाला, तिनं तो पाठीला लावूनही घेतला, आणि थोड्या वेळानं एक कार्यकर्ता येऊन म्हणाला ताई हा नंबर जेन्ट्सच्या सीरीजमधला आहे परत द्या. तिनं नंबर काढून दिला. पिना जर्सीला तशाच राहिल्या. वडील तिला म्हणाले मग ती फेरी तरी मार, एवढं आलोय तर, आणि ती म्हणाली मला शर्यत खेळायची होती. मी शेजारीच उभी होते, माझ्याकडं तिला सांगायला काही नव्हतं, म्हणून हे पत्र लिहितीय.

तुमच्याबद्दल मनात राग धरून लिहीत नाही हे आधी सांगते. स्वतःच्या खिशातून आणि वर्गणीतून तुम्ही या शर्यती चालवता, उन्हात उभं राहून चौक अडवता, पोरांना ओआरएस आणि केळी देता. मुंबई-पुणे शर्यतीत आपल्या भागातली पोरं उतरायची तेव्हा त्यांच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जायच्या, बोरघाटात घाटाचा राजा कोण झाला यावर पारावर चर्चा व्हायची, आणि ती पोरं गावोगावच्या शर्यती खेळून खेळूनच तयार झालेली. म्हणजे शर्यतीतून रायडर घडतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पोरांच्या बाबतीत तुम्ही ते केलंय. पोरींच्या बाबतीत ते व्हायचं राहिलंय आणि आता आणखी थांबायची माझी तयारी नाही.

मी मिरज तालुक्यातली. शाळेला सायकलनं जायचे, खेळाच्या सरांनी शालेय स्पर्धेत उतरवलं, मग जिल्हा, विभाग, राज्य असं करत राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्राची जर्सी घातली. आता एका शाळेत तात्पुरत्या नोकरीवर खेळ शिकवते, पहाटे गावातल्या पोरींना घेऊन रोडवर असते आणि स्वतः अजून रेस करते.

राष्ट्रीयला मास स्टार्ट पहिल्यांदा खेळले तो दिवस सांगते कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. दोन दिवस आधी टाइम ट्रायल होती, म्हणजे एकटीनं घड्याळाविरुद्ध, त्यात मी चांगल्या चांगल्या पोरींच्या आसपास होते. पायात ताकद होती म्हणजे. मग मास स्टार्टला सगळ्या एकत्र सुटल्या, खांद्याला खांदा, पुढच्या चाकापासून माझं चाक वीतभर अंतरावर, आणि मला तिथं नीट श्वाससुद्धा घेता येईना कारण एवढ्या मोठ्या गटात एवढ्या स्पीडला मी कधी चालवलेलंच नव्हतं. निम्मं अंतर झालं आणि रस्ता मोकळ्या माळावर आला, बाजूनं तिरकं वारं सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वारं समोरून असलं की पुढचीच्या मागं लपायचं, पण बाजूनं आलं की पुढचीच्या थोडं शेजारी आणि थोडं मागं असं तिरक्या रांगेत लागायचं, आणि रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपली, त्यानंतरच्या सगळ्यांना आडोसा नाही, त्या रस्त्याच्या कडेला एकामागं एक लोंबकळत राहतात आणि एकेक करून तुटतात. हे माहीत असलेल्या मुली वारं लागायच्या आधीच पुढं सरकल्या होत्या. मी मागं होते. तुटले. उरलेलं अंतर एकटीनं ओढलं.

आडोशात बसलेल्या रायडरची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास वाचते, म्हणून ज्याला गटात राहता येतं त्याची शेवटाला स्प्रिंट शिल्लक असते आणि ज्याला येत नाही तो कितीही दमदार असला तरी आधीच रिकामा होतो. आणि गटात राहणं ट्रेनरवर, म्हणजे घरात एका जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, शिकता येत नाही, यूट्यूबवर शिकता येत नाही, पाचसहा मैत्रिणींबरोबर पण पूर्ण शिकता येत नाही, ते शर्यतीतच शिकायचं. दुःख याचं आहे की ते तिरकं वारं आपल्याच जिल्ह्यात आहे. ढालगावच्या माळावर, जतच्या बाजूला पवनचक्क्या उगाच उभारल्या आहेत का? त्या रस्त्यावर पोरींची एक ५० किलोमीटरची शर्यत दरवर्षी झाली असती तर सांगलीची पोरगी राष्ट्रीयला वाऱ्यात तुटली नसती, तिनं दुसऱ्यांना तोडलं असतं.

आता मुद्द्यावर येते.

पहिला मुद्दा अंतराचा आणि तो सगळ्यात मोठा. ५ किलोमीटरमध्ये काय होतं, शिट्टी झाली की जीव खाऊन मारायचं आणि आठ-दहा मिनिटांत संपलं. त्यात कधी खायचं, किती प्यायचं, कुणाच्या मागं बसायचं, कधी अटॅक करायचा म्हणजे अचानक वेग वाढवून गटातून सुटायचं, चढाला गिअर कधी टाकायचा, यातलं एकही येत नाही. जोरात चालवलं की दीड-दोन तासांत अंगातली साखर संपत येते, तेव्हा एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं खिशातलं केळं काढून खाता आलं पाहिजे, आणि तेही शेजारी पाच जणी असताना. १६ वर्षांच्या पोरीला हे शिकवायचं तर तिला तेवढा वेळ शर्यतीत ठेवायला पाहिजे. पोरींना झेपणार नाही असं अजून बोललं जातं, माझ्या तोंडावर बोललं गेलंय. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये बायकांची रोड रेस १५८ किलोमीटरची होती आणि त्यात पुरुषांएवढ्याच, ९० रायडरना जागा ठेवलेल्या. तुम्हाला कुणी १५८ मागत नाही. पण आपल्या पोरी शाळा-कॉलेज करून रविवारी मिरजेवरून दंडोबाचा डोंगर करून पुढं कवठेमहांकाळपर्यंत जाऊन येतात, त्यांना ५ किलोमीटरवर थांबवणं हा त्यांच्या मेहनतीचा अपमान आहे.

दुसरा, एन्ट्री कमी. हे कारण प्रत्येक वेळी येतं आणि ऐकणाऱ्याला पटतं पण. पण बघा, एन्ट्री कुठून येणार? गेल्या वेळी आदल्या रात्री रद्द झालं म्हणून यंदा निम्म्या पोरींनी फॉर्मच भरला नाही, यंदा परत रद्द झालं म्हणून पुढच्या वर्षी त्या जतच्या पोरीचे वडील रोजगार बुडवून येणार नाहीत, आणि मग तुम्ही म्हणणार बघा, पोरींचा प्रतिसाद नाही. पुरुष गटात एखाद्या गावाला रायडर कमी आले तर तुम्ही शर्यत रद्द करत नाही, आलेल्यांना सोडता. फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची पॅरिस-रुबे ही पुरुषांची शर्यत १८९६ पासून आहे, बायकांची पहिली झाली २०२१ मध्ये. सव्वाशे वर्षं. दगडी रस्ता बायकांना झेपणार नाही, बघायला कोण येणार, हीच कारणं. पावसात चिखलात झाली ती शर्यत, इंग्लंडच्या लिझी डायनननं ऐंशीच्या वर किलोमीटर एकटीनं पुढं राहून जिंकली, चिखलानं आणि हाताच्या रक्तानं भरलेल्या हँडलचे फोटो जगभर गेले. आणि बघायला कोण येणार म्हणाल तर टूर द फ्रान्सचं बायकांचं नवं पर्व २०२२ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांनी, २०२४ ला, आठ टप्पे खेळून, शेवटचा टप्पा १५० किलोमीटरचा, त्याच्या शेवटी २१ वळणांचा आल्प द्युएझ घाट, आणि एवढं सगळं होऊन पोलंडची कासिया निवियादोमा सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत ४ सेकंदांनी जिंकली. चार सेकंद हो. एकूण वेळेत मागं असलेली डेमी वॉलरिंग त्या घाटात पुढं निघून वेळ कापत होती आणि मी मोबाइल हातात धरून घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते, आई शेजारी बसून विचारत होती कोण पुढं आहे कोण पुढं आहे. आईला सायकलिंगमधलं काही कळत नाही. शर्यत खरी असली की बघणारे येतात.

तिसरा मुद्दा बक्षिसाचा, आणि इथं दाते मंडळींनी नीट वाचावं ही विनंती. एका फ्लेक्सवर मी स्वतः वाचलंय, पुरुष प्रथम ३१,००१ रुपये आणि चषक, महिला प्रथम ३,००१ रुपये आणि साडी. ती साडी मिळालेली पोरगी नववीत होती. तिला टायर पाहिजे होता. रेसिंगचा एक बरा टायर आज चार-पाच हजाराला पडतो, चेन, ब्रेक पॅड, बूट पेडलला अडकवायच्या क्लीट झिजतच असतात, आणि बरी कार्बन सायकल दीड-दोन लाखाच्या खाली येत नाही. पोरीचा आणि पोराचा टायर एकाच किमतीला मिळतो, पोरगी आहे म्हणून दुकानदार दहावा हिस्सा घेत नाही. मघाशी सांगितलेल्या २०२१ च्या पॅरिस-रुबेला पण हेच होतं, पुरुष विजेत्याला ३०,००० युरो आणि डायननला १,५३५ युरो. पण त्यावर ओरड झाली आणि तिच्या टीमच्या मालक कंपनीनं, सायकली बनवणाऱ्या ट्रेकनं, मधला फरक स्वतः भरला. शर्यत भरवणाऱ्यांनी नाही भरला, प्रायोजकानं भरला. आपल्याकडं दात्याचं नाव फ्लेक्सवर फोटोसकट असतं, त्यानं एक वाक्य सांगितलं की माझं बक्षीस दोन्ही गटांना सारखं लावा, तर मंडळ नाही म्हणेल का?

आणि सांगलीला तर हे नवीन नाही. स्मृती मानधना आपल्या माधवनगरची. २०२५ च्या नोव्हेंबरला भारताच्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा केवढा आनंद झाला आपल्याकडं, आणि व्हायलाच पाहिजे. पण तिच्या खेळात ऑक्टोबर २०२२ मध्ये बायकांची मॅच फी पुरुषांएवढी करायचं जाहीर झालं, ते पण लक्षात ठेवा ना. स्मृतीचा अभिमान वाटतो म्हणणाऱ्या गावात पोरीला दहावा हिस्सा बक्षीस शोभत नाही.

चौथं, व्यवस्था. यावर बोलायला पोरींना लाज वाटते म्हणून मी बोलते. पहाटे साडेपाचला रिपोर्टिंग, स्टार्ट चौकात, आणि आसपास एक बाथरूम उघडं नसतं, पोरी पाणी न पिता स्टार्टला उभ्या राहतात, पाळी असली तर विचारूच नका. शेजारच्या शाळेची किल्ली आदल्या दिवशी आणून ठेवायला किती कष्ट आहेत? सायकलिंगचे कपडे अंगाला घट्ट असतात कारण सैल कपड्यात वारं भरतं आणि मांडी घासून सोलते, ते खेळाचे कपडे आहेत, त्यावर स्टार्टला उभं राहून कमेंट करणारे आणि मागून शूटिंग करणारे तुमच्याच गावचे असतात, तुम्ही माइकवरून एकदा दम दिला तर बंद होतील. मग स्टार्ट. पोरींना पुरुषांच्या मागं दोन मिनिटांनी सोडतात, पायलट गाडी पुरुषांबरोबर पुढं निघून गेलेली, ॲम्ब्युलन्स त्यांच्या मागं, आणि पुरुष गेले की लोकांना वाटतं शर्यत झाली, रस्ता मोकळा करतात. समोरून ऊसाचा ट्रॅक्टर डबल ट्रॉली घेऊन येतोय, मागं रिफ्लेक्टर नाही, रस्त्यावर ऊसाची कांडकी पडलेली, त्यावरून बारीक टायर गेला की घसरलाच, आणि त्यात पोरी रेस करतायत. एकदा एका वळणावर आमच्यातली एक जण आडव्या आलेल्या टेम्पोला वाचवताना पडली, कॉलरबोन मोडलं, आणि तिला दवाखान्यात मागून येणाऱ्या एका मोटरसायकलवाल्यानं नेलं. त्याचं नाव पण विचारायचं राहिलं. तो नसता तर?

पाचवं लिहायला अवघड आहे. आमच्या खेळात रायडर पंचविशीनंतर खरी पिकते, दम आणि डोकं दोन्ही तेव्हा येतं. नेदरलँड्सच्या ॲनमीक फान फ्लूटननं २०२२ ची बायकांची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा ती ३९ वर्षांची होती. आणि आपल्याकडं अठरा-एकोणीसला स्थळं यायला लागतात, घरचे विचारतात सायकलचं पुढं काय, आणि पोरीकडं उत्तर नसतं कारण खेळायला शर्यती नाहीत, बक्षीस नाही, नोकरीला उपयोगी पडेल असा कागद नाही. माझ्याबरोबरच्या एकदोघी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. एकीचा चढावरचा दम असा होता की आम्ही तिच्या मागं कधी टिकलो नाही. लग्न झालं, सायकल भावाच्या मुलाकडं गेली. सासरचे वाईट नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं की यातून होणार काय. ८ मार्चला तिच्या सासरच्या गावात मंडळानं महिलांसाठी स्लो सायकलिंग ठेवलं होतं, ती त्यात उतरली नाही. स्लो सायकलिंग ठेवा, लिंबू-चमचा ठेवा, माझी हरकत नाही, पण ज्या पोरीनं राज्यासाठी पदक आणलं तिला तुमच्या गावात जोरात सायकल चालवायला एक दिवस नाही, याचा विचार करा.

जगात काय चाललंय ते पण सांगते म्हणजे यातून होणार काय याचं उत्तर मिळेल. बायकांच्या सगळ्यात वरच्या फळीतल्या टीमना, ज्यांना वर्ल्ड टूर टीम म्हणतात, २०२० पासून किमान पगाराचा नियम लागला, वर्षाला १५,००० युरो, तो वाढत वाढत २०२३ ला ३२,१०२ युरोवर आला, आपल्या पैशात तीस लाखाच्या आसपास, आणि हा सगळ्यात कमी पगार, चांगल्यांचा याच्या कितीतरी वर. त्याच नियमात बाळंतपणाची रजा आली, तीन महिने पूर्ण पगार आणि पुढं पाच महिने निम्मा. डायनन पॅरिस-रुबे जिंकली तेव्हा तिला मुलगी होती. टोकियो ऑलिम्पिकची रोड रेस ऑस्ट्रियाच्या ॲना कीझनहोफरनं जिंकली, तिच्याकडं त्यावेळी कुठल्याच प्रोफेशनल टीमचं कॉन्ट्रॅक्ट नव्हतं, गणितातली डॉक्टरेट होती, सुरुवातीलाच अटॅक करून पुढं गेली आणि १३७ किलोमीटरच्या शेवटी मागच्यांना ती पुढं आहे हे आठवलंच नाही. म्हणजे रस्ता एकच नसतो, पण प्रत्येक रस्त्यावर शर्यत खेळलेली पाहिजे. आपल्या शेजारच्या कोल्हापूरची पूजा दानोळे खेलो इंडियात सुवर्णपदकं घेऊन आली, संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय पातळीवर चमकली. महाराष्ट्राच्या मातीत पोरी आहेत. सांगलीतून पुढची का नको?

कागदाचं पण सांगायचं राहिलं. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, ते वरच्या पातळीवर मिळतं आणि वर जायला खाली शर्यती लागतात. तुम्ही सहभागाबद्दल म्हणून जो कागद देता त्यावर ना अंतर असतं ना वेळ ना क्रमांक. तो पोरीनं कुठं दाखवायचा?

जानेवारी २०२६ मध्ये पुण्याला पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटर, परदेशी टीम आल्या, खेड्यापाड्यात लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभे होते, शाळेची पोरं झेंडे घेऊन होती. आम्ही व्हिडिओ बघून वेडे झालो, आपल्या रस्त्यावर हे होऊ शकतं हे पहिल्यांदा डोळ्यानं दिसलं. ती पुरुषांची होती. उद्या बायकांची झाली, आणि व्हावी अशी माझी फार इच्छा आहे, तर तिच्या स्टार्टला महाराष्ट्राच्या किती पोरी उभ्या राहू शकतील? तेव्हा पळापळ करून उपयोग नाही, त्या पोरी आज तुमच्या गावच्या शर्यतीत १५ वर्षांच्या असायला पाहिजेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

महिला गटाचं अंतर पुरुषांच्या निम्म्यापेक्षा कमी नको, आणि कुठल्याही परिस्थितीत ३० किलोमीटरच्या खाली नको. १६ वर्षांखालच्या मुलींचा गट वेगळा ठेवा, त्यांना १५ किलोमीटर चालेल.

फ्लेक्सवर जाहीर केलेली शर्यत एन्ट्री कमी म्हणून रद्द करायची नाही. आठ जणी आल्या तर आठ जणींची घ्या. पाऊस-पाणी, बंदोबस्त अशा कारणानं रद्द करावीच लागली तर दोन्ही गटांची करा, आणि दोन दिवस आधी फोन करून कळवा, ग्रुपवरचा मेसेज नको.

पहिल्या तीन नंबरांचं रोख बक्षीस सारखं. यंदा बजेट नसेल तर पुरुषांचं कमी करा असं मी म्हणत नाही, पोरींचं वाढवून पुरुषांच्या निम्म्यापर्यंत आणा आणि पुढच्या वर्षी पूर्ण करा, पण तसं लेखी जाहीर करा. साडी, भांडी, मिक्सर नको.

पोरींचा स्टार्ट पुरुषांच्या आधी किंवा पूर्ण वेगळ्या वेळी, त्यांना त्यांची पायलट गाडी, मागं त्यांची ॲम्ब्युलन्स, आणि शेवटची रायडर येईपर्यंत चौकातला माणूस हलायचा नाही. ऊसाचा सीझन असेल तर कारखान्याशी बोलून तेवढे दोन तास त्या रस्त्यावरची वाहतूक वळवा, पुरुषांसाठी तुम्ही हे करताच.

स्टार्टजवळ शाळा, मंदिराचं सभागृह, ग्रामपंचायत, काहीही, पण बायकांसाठी उघडं बाथरूम आणि कपडे बदलायला एक खोली.

प्रत्येक रायडरची वेळ नोंदवा आणि अंतर, वेळ, क्रमांक लिहिलेलं प्रमाणपत्र द्या. शर्यतीला जिल्हा सायकलिंग संघटनेची मान्यता आधी घ्या.

आणि संयोजनात किमान दोन बायका घ्या, सत्काराला नारळ द्यायला नको, निर्णय घ्यायला. जुन्या खेळलेल्या पोरी गावोगाव आहेत, विचारलं तर येतील.

यातलं आम्ही पोरी काय करणार ते पण लिहिते. एन्ट्री गोळा करायचं काम आमच्याकडं द्या, जत, आटपाडी, खानापूर, शिराळ्यापर्यंतच्या शाळांत आम्ही जाऊन नावं आणू. मार्शल कमी पडले तर आमच्या भावांना, मित्रांना झेंडे घेऊन उभं करू. टायमिंगचं ॲप आमच्यातल्या एकीला चांगलं येतं. पहिली शर्यत कुठं घ्यायची विचाराल तर ढालगावच्या रस्त्याला घ्या, वारं असेल त्या दिवशी.

चैत्रातल्या यात्रांच्या मीटिंगा आता सुरू होतील आणि फ्लेक्स छापायला जायच्या आधीच हे सगळं ठरतं, नंतर कुणी ऐकत नाही. म्हणून त्या मीटिंगला आम्हाला बोलवा. दिवस, वेळ, गाव कळवा, आम्ही दोघी-तिघी येतो, कागद घेऊन येतो, समोर बसून बोलू. ज्या मंडळानं हे मान्य केलं त्याच्या शर्यतीला आम्ही सगळ्या उतरू, आणि ज्यानं ५ किलोमीटरची फेरी ठेवली तिथं आमच्यातली एकही पोरगी नंबर लावणार नाही, हे आम्ही आपसात ठरवलंय.

उत्तराची वाट बघतेय.

आपली,
मिरज तालुक्यातली एक सायकलपटू आणि तिच्याबरोबर पहाटे रोडवर असणाऱ्या पोरी